कॅनमधले खसखशीचे दोन दाणे

पुणे जिल्ह्यातल्या माळेगाव बुद्रुकच्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी साडेसहाला उभं राहा. दुधाबद्दल जे काही बोललं जातं ते फॅट, एसएनएफ आणि डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) या तीन शब्दांत मावतं. "फॅट किती लागली?" "साडेतीन." "अन् एसएनएफ?" "आठ-तीन. बसत नाय दादा." एवढं झालं की पावती फाटते, रिकामी किटली मोटारसायकलच्या हँडलला अडकते आणि माणूस उसाच्या फडाकडे निघतो. दुधाचा भाव या आकड्यांवर ठरतो, त्यामुळे त्यापलीकडे दुधात काय असतं याची उठाठेव करायला कुणाला सवड नसते.

एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घनपदार्थ. त्यात प्रथिनं असतात, दुग्धशर्करा असते आणि दूध आटवून, वाळवून, जाळून टाकल्यावर शेवटी जी पांढुरकी राख उरते तीही असते. गाईच्या दुधात ही राख शेकडा ०.७ च्या आसपास भरते. राखेतला मोठा वाटा कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, सोडियम, क्लोरीन आणि मॅग्नेशियम यांचा. उरलेल्या चिमटीत जस्त, लोह, तांबं, मँगनीज, आयोडीन, सेलेनियम आणि कोबाल्ट. यांना सूक्ष्म खनिजं म्हणतात.

सूक्ष्म म्हणजे किती? केंद्रावरचा चाळीस लिटरचा कॅन डोळ्यांपुढे आणा. गाईच्या दुधात लिटरमागे साधारण ४ मिलिग्रॅम जस्त असतं. म्हणजे भरलेल्या कॅनमध्ये १६० मिलिग्रॅम, वजनाने तांदळाचे सातआठ दाणे. लोह त्याहून कितीतरी कमी, अख्ख्या कॅनमध्ये तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. तांबं सगळं मिळून तीनचार मिलिग्रॅम. आणि सेलेनियम? लिटरला १५ मायक्रोग्रॅम धरलं तर कॅनमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त, म्हणजे खसखशीचे दोन दाणे. ते दोन दाणे चाळीस लिटर दुधात विरघळलेले आहेत आणि आपल्याला त्यातलं चमचाभर दूध हातात घेऊन ते मोजायचे आहेत.

मोजणारी यंत्रं आता एवढी तरबेज झाली आहेत की आकडा काढणं फारसं अवघड राहिलेलं नाही. सापडलेलं खनिज दुधात आलं कुठून, हे सांगणं मात्र अजून अवघड आहे. ते जनावराच्या रक्तातून आलं, चाऱ्यातून आलं, की बादलीतून?

आधी जनावरांकडे पाहू. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात गोठ्यात बहुतेक काळ्या-पांढऱ्या संकरित होल्स्टिन गाई दिसतात. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था काढली आणि गोठवलेल्या रेतमात्रांनी संकरीकरण दारोदार नेलं, तेव्हापासून पुणे जिल्ह्यातल्या गोठ्यांचा रंगच पालटला. त्यांच्या जोडीला एखादी मुऱ्हा नाहीतर पंढरपुरी म्हैस असते. वस्तीवर दोनचार उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या, आणि कालव्याच्या कडेने हिंडणारे धनगरांचे दख्खनी मेंढ्यांचे कळप. इथून जवळच काटेवाडीला आषाढीच्या वाटेवर तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते पाहायला लोक लांबून येतात. त्या मेंढ्यांचं दूध मात्र डेअरीवर कधी येत नाही. ते कोकरं पितात आणि उरलंच तर धनगराच्या चहात जातं.

खनिजांच्या हिशोबात ही मेंढी सगळ्यांत वरचढ. गाईच्या दुधात लिटरमागे सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हशीच्या १८०० च्या आसपास, मेंढीच्या १९०० ते २०००. शेळी गाईच्या किंचित पुढे. जस्ताची उतरंडही जवळपास तशीच लागते, म्हणजे गाय ४, म्हैस ५, मेंढी ६. असे तक्ते छापले की लगेच कुठलं दूध श्रेष्ठ यावर वाद सुरू होतो. मला त्यात फारसा दम वाटत नाही. मेंढीच्या दुधात एकूण घनपदार्थच शेकडा अठरा, म्हशीच्या सोळा-सतरा, गाईच्या साडेबारा. मेंढीचं दूध मुळातच आटवलेलं दूध आहे म्हणा ना. दुधातलं पाणी बाजूला ठेवून फक्त कोरड्या भागावर जस्ताचा हिशोब केला, तर तिघींचा आकडा जवळजवळ एकच येतो. ग्रॅमभर दूध-भुकटीमागे मिलिग्रॅमचा तिसाव्या हिश्श्याएवढा. जस्त बहुतांशी केसीन या प्रथिनाला चिकटून असतं, त्यामुळे जिथे केसीन जास्त तिथे जस्त जास्त. गाढविणीच्या दुधात केसीन फार कमी, म्हणून राखही कमी आणि कॅल्शियमही. गल्लीत 'गाढविणीचं दूध' अशी आरोळी येते, चमच्याच्या भावाने ते विकत घेतलं जातं आणि बाळाला पाजलं जातं. खनिजांच्या दृष्टीने त्या चमच्यात गाईच्या चमच्यापेक्षा कमीच असतं.

लोहाच्या बाबतीत मात्र सगळ्याच आया सारख्या कंजूस. यातल्या कुठल्याही जनावराचं दूध घ्या, लिटरमागे लोह मिलिग्रॅमच्या आतच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते दुधातून मिळवायचं तर रोज दोन-तीन कॅन संपवावे लागतील. निसर्गाचा हिशोब असा की पिल्लू पहिल्या महिन्यांचं लोह यकृतात साठवून जन्माला येतं. ती शिदोरी संपल्यावर नाचणी, भाजी, डाळ यांची पाळी. दीड-दोन वर्षांचं मूल दुसरं काही न खाता नुसत्या दुधावर ठेवलं की ते गुटगुटीत दिसतं आणि रक्ताने पांढरं पडतं, हे बालरोगतज्ज्ञांना नित्याचं आहे.

आता मोजणी. दुधाचा नमुना सरळ यंत्रात घालता येत नाही, कारण स्निग्धांश आणि प्रथिनं आड येतात. ती आधी घालवावी लागतात. जुनी रीत म्हणजे दूध मुशीत घेऊन आटवायचं आणि पाचशे-साडेपाचशे अंशाच्या भट्टीत रात्रभर ठेवून त्याची राख करायची. नवी रीत म्हणजे बंद नळीत नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्हच्या तापात ते पचवायचं. नळी उघडली की आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव मिळतो. दुधाचं दूधपण गेलेलं असतं, धातू तेवढे राहिलेले असतात.

तो द्रव फवारा करून ज्योतीत सोडतात. पुढची युक्ती ॲलन वॉल्श यांची. हे इंग्रज शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात काम करत होते. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्वतःच्या ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश गिळतात, हे सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघांवरून एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. वॉल्श यांनी त्याचा उपयोग मोजणीसाठी केला आणि १९५५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. जस्त मोजायचं असेल तर जस्ताचाच दिवा लावायचा. त्याचा २१३.९ नॅनोमीटरचा प्रकाश ज्योतीतून जाताना किती मंद होतो ते पाहायचं. जितकं जस्त तितका प्रकाश कमी. तांब्याला तांब्याचा दिवा, लोहाला लोहाचा. गव्हाच्या पोत्यांच्या थप्पीत फक्त आपल्या घरच्या पोत्याची खूण ओळखावी, तसा हा प्रकार. सेलेनियमसारख्या खसखशी मालासाठी मात्र ज्योत पुरत नाही. तिथे हजारो अंशांच्या आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात अणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वजनानुसार मोजणारं यंत्र लागतं. आयोडीनची तऱ्हा आणखी वेगळी. भट्टीत किंवा आम्लात ते उडूनच जातं, म्हणून त्याला अल्कली द्रावणात सोडवून घ्यावं लागतं. एकाच पद्धतीने सगळी खनिजं मोजून आणलीत असं कुणी सांगितलं, तर आयोडीनच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

यंत्रापेक्षा मोठी कटकट स्वच्छतेची. गोठ्यात पत्र्याची बादली असते, तिच्यावर जस्ताचा मुलामा. दूध त्या बादलीत काढलं की पुढे कितीही बारकाईने मोजा, गाईचं जस्त कोणतं आणि बादलीचं कोणतं ते सांगता येत नाही. रबरी हातमोज्यांत जस्त असतं. माळरानाच्या तांबड्या धुळीत लोह असतं आणि दुधात मुळात लोह इतकं कमी की धुळीची एक चिमूट आकडा दुप्पट करू शकते. म्हणून नमुना नेण्याची प्लास्टिकची बाटली आधी सौम्य नायट्रिक आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने खंगाळून घ्यायची. सड पुसून पहिल्या दोन धारा सोडून द्यायच्या. प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा नमुना चालवायचा, म्हणजे दूध सोडून बाकी सगळं तसंच. त्यात जे सापडेल ते आपल्या हातचं पाप. शिवाय ज्याचे आकडे आधीच पक्के ठरलेले आहेत अशी दूध-भुकटी मोजून पाहायची. अमेरिकेच्या मानक संस्थेची १५४९ क्रमांकाची भुकटी या कामासाठी जगभर वापरली गेली. तिच्यात किलोमागे ४६.१ मिलिग्रॅम जस्त आणि ०.७ मिलिग्रॅम तांबं असल्याचं प्रमाणपत्र होतं. आपलं यंत्र ६० दाखवत असेल तर गाईला दोष देण्यात अर्थ नाही.

गाईचाही एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. व्यायल्यावरच्या चिकात जस्त नेहमीच्या दुधाच्या दुप्पट-तिप्पट आणि कॅल्शियम जवळपास दुप्पट. खरवसाची वडी इतकी भरीव लागते ती मात्र चिकातल्या प्रथिनांमुळे. कासेला दगडी (कासदाह) झाली की दुधात सोडियम आणि क्लोरीन वाढतं, पोटॅशियम घटतं. असं दूध जिभेलाही खारट लागतं, आणि विजेची वाहकता मोजणारं साधं उपकरण गोठ्यातच ते ओळखतं.

आता चाऱ्याकडे येऊ, कारण शेतकऱ्याला खरी उत्सुकता तिथे असते. माळेगावला साखर कारखाना असल्यामुळे हंगामात वैरण म्हणजे उसाचे वाढे. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं आणि ते पोटात कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. शिवाय इथल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला उचलता येत नाही. पानं पिवळी-पांढरी पडली की शेतकरी 'उसावर केवडा पडला' म्हणतो, तो लोहाच्या उपासमारीचा केवडा. मग वाटतं की जमिनीत जस्त कमी, म्हणून चाऱ्यात कमी, म्हणून दुधातही कमी असणार.

प्रत्यक्षात तसं होत नाही. चाऱ्यात जस्त, तांबं किंवा कॅल्शियम थोडंफार कमी-जास्त झालं तरी दुधातला आकडा फारसा हलत नाही. कास आपला ठरलेला वाटा रक्तातून ओढून घेते. गाईच्या रक्तात १०० मिलिलिटरला ९-१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तेवढ्याच दुधात १२०. रक्तात कमी पडलं तर हाडांतून येतं. व्यायल्यावर हाडांतून यायला उशीर झाला की गाय मान टाकून बसते आणि डॉक्टरला कॅल्शियमची बाटली लावावी लागते. त्या गाईचं दूध तपासलं तर त्यात कॅल्शियम ठीकच सापडेल. खनिजांची टंचाई दुधात शोधू नये, गाईत शोधावी. ती गोठ्याची भिंत चाटते, दोरी नाहीतर चप्पल चघळते, मुका माज दाखवते, भरवली तरी पुन्हा उलटते. गव्हाणीत टाकलेलं मिनरल मिक्श्चर दुधात जस्त वाढवण्यासाठी नसतं. ते गाईचं स्वतःचं देणं फेडण्यासाठी असतं.

दोन खनिजं मात्र या नियमाला जुमानत नाहीत, आयोडीन आणि सेलेनियम. ही चाऱ्यातून सरळ दुधात उतरतात. फिनलंडची जमीन सेलेनियमच्या बाबतीत फार गरीब. तिथल्या सरकारने १९८४ मध्ये खतातच सेलेनियम मिसळायचा निर्णय घेतला आणि थोड्याच वर्षांत देशभरच्या दुधातलं सेलेनियम कित्येक पट चढलं. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात गलगंड ओसरला, त्याचं मोठं श्रेय तिथले संशोधक दुधाला देतात. गुरांच्या खुराकात आयोडीन घालायला लागले होते ते गुरांसाठी, पोहोचलं ते माणसांच्या गळ्यापर्यंत. त्यात सड धुण्याच्या आयोडीनच्या औषधाचाही हातभार होता.

सेलेनियमचा विषय निघालाच आहे तर शेळीचं सांगायला हवं. डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाचा भाव कडाडतो. त्यात सेलेनियम फार असतं आणि त्याने प्लेटलेट वाढतात अशी समजूत. मोजलं तर शेळीच्या दुधातलं सेलेनियम गाईच्या दुधाइतकंच भरतं. डेंग्यूत ताप उतरल्यावर प्लेटलेट आपल्या आपणच चढतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पेशंटला दूध पाजलेलं असतं. लोक ते कच्चंच पाजतात हे आणखी वाईट, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा ताप येऊ शकतो.

खनिज गाईचं की चाऱ्याचं एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण दुधातल्या खनिजाने जीव घेतल्याची एक गोष्ट याच पुणे जिल्ह्यात उलगडली आणि तिथे गाय आणि चारा दोन्ही निर्दोष होते.

पूर्वी घराघरांत 'मुलाला लिव्हर झालं' असं हलक्या आवाजात बोललं जाई. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल चिडचिडं होई, पोट फुगे, यकृत दगडासारखं कडक लागे, कावीळ होई आणि काही महिन्यांत मूल जाई. एकाच घरात दोन-दोन भावंडं गेल्याची उदाहरणं होती. वैद्यकाने याला भारतीय बाल-यकृत सिरोसिस असं नाव दिलं, पण कारण कळत नव्हतं. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं सापडे. सामान्यतः सुक्या यकृताच्या ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असायला हवं, तिथे आकडे हजारांत जात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या घरच्या स्वयंपाकघरापर्यंत माग काढला. त्यांचा निबंध १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी फार लवकर वरचं दूध सुरू झालं होतं, आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. गाईच्या दुधात स्वतःचं तांबं अगदी थोडं, आईच्या दुधापेक्षाही कमी. पण केसीन धातूला धरून ठेवण्यात पटाईत. भांड्याच्या आतून सुटणारं तांबं ते वेचत राहतं आणि बाळाच्या पोटात पोहोचवतं. बाळाचं यकृत जन्मतःच तांब्याचा साठा घेऊन आलेलं असतं आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची त्याची ताकद अजून अपुरी असते.

या निष्कर्षावर वाद झाले. पितळेत दूध तापवणारी लाखो घरं होती, सगळ्यांचीच मुलं आजारी पडली नाहीत, तेव्हा काही आनुवंशिक कच्चेपणाही असावा असं बरेच जण मानतात. भांड्यांच्या निष्कर्षाला पुढे दुजोरा मिळाला तो ऑस्ट्रियातून. टायरॉल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच रोगाने गेल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही गाईचं दूध, आणि ते उकळायला कल्हई नसलेली तांब्याची भांडी. आल्प्सच्या कुशीतली शेतकरीण आणि आपल्याकडची घरधनीण दोघी एकाच चुकीत सापडल्या होत्या. दोन्हीकडे भांडी बदलल्यावर रोग जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे ते काम स्टेनलेस स्टीलने केलं.

आपल्या आज्यांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. रसायन ठाऊक नसेल, पण रीत ठाऊक होती. दारावर 'कल्हईऽऽ' अशी हाक आली की पातेली, परात, तपेली बाहेर निघत. जमिनीत खड्डा करून केलेली भट्टी, चामड्याचा भाता, नवसागराचा डोळ्यांत पाणी आणणारा धूर आणि मग कापसाच्या बोळ्याने फिरवलेली कथिलाची ती चांदीसारखी झिलई. कल्हई असलेल्या भांड्यात दुधाचा तांब्याशी संबंध येत नाही. कल्हई उडाली आणि ती पुन्हा करायला पैसे नसले, वेळ नसला किंवा कल्हईवाला येईनासा झाला, की दूध आणि पितळ समोरासमोर येत.

अलीकडे पितळी भांड्यांची पुन्हा हौस आली आहे. लग्नाच्या रुखवतात, शहरातल्या मोठ्या दुकानांत, चकचकीत जाहिरातींत ती दिसतात. दिसायला छानच दिसतात. माळ्यावरचं आजीचं पितळी पातेलं तुम्ही दुधासाठी खाली काढणार असाल तर आतून बोट फिरवून पाहा. पिवळं दिसत असेल तर आधी कल्हईवाला शोधा. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याचं दूध स्टीलच्याच भांड्यात तापवा.